एरवीही झालीच असती

मराठीच्या वर्गात संकेतार्थ शिकवताना आपण निरुपद्रवी उदाहरणे देतो. पाऊस पडला असता तर पीक आले असते; तो लवकर निघाला असता तर गाडी मिळाली असती. न घडलेल्या गोष्टींविषयी बोलण्याची ही सोय भाषेने माणसाला दिली आहे आणि कथा-कादंबरीचा निम्मा व्यवहार तिच्यावर चालतो. परंतु घडलेल्या, किंबहुना घडवून आणलेल्या गोष्टीची जबाबदारी पुसून टाकण्यासाठीही हेच क्रियारूप वापरता येते, हे मात्र आपण शिकवत नाही. विसाव्या शतकातील वैद्यकीय संशोधनाचा एक गाजलेला वाद अशाच एका वाक्यावर उभा आहे. त्या वादातील बचावपक्षाचे सार एका ओळीत सांगायचे तर ते असे: या मुलांना कावीळ एरवीही झालीच असती.

यकृताच्या विकारांवरील संशोधनाची चर्चा साहित्याच्या व्यासपीठावर कशासाठी, असे कुणी विचारील. आमचे उत्तर असे की, हा वाद वैद्यकाचा जितका आहे तितकाच भाषेचा आहे. 'शाळा', 'संमती', 'लाभ', 'अटळ' हे चार शब्द या प्रकरणात जे काम करतात, ते वाचण्याचे शिक्षण डॉक्टरांपेक्षा आपल्याला अधिक मिळालेले असते. ते शिक्षण कवितेच्या रसग्रहणापुरतेच राखून ठेवावे, असे आम्हांस वाटत नाही.

प्रथम हकीकत. न्यूयॉर्क शहराच्या स्टेटन आयलंड या भागात १९४७ साली 'विलोब्रुक स्टेट स्कूल' ही सरकारी संस्था सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धात लष्करी रुग्णालय म्हणून वापरलेल्या इमारती तिच्या वाट्याला आल्या. नावात 'स्कूल' असले तरी तेथे शिकणे-शिकवणे नावापुरतेच होते. त्या काळी ज्यांना सर्रास 'मतिमंद' म्हटले जाई, अशा मुलांना आणि प्रौढांना ठेवण्याची ती जागा होती. सुमारे चार हजारांसाठी योजलेल्या या संस्थेत १९६५ च्या सुमारास सहा हजारांच्या आसपास माणसे राहत होती. त्या वर्षी सिनेटर रॉबर्ट केनेडी तेथे जाऊन आले आणि त्यांनी या जागेला सापांच्या खड्ड्याची उपमा दिली. अनेक मुलांना मलमूत्रावर ताबा नव्हता आणि त्यांना स्वच्छ ठेवण्याइतकी माणसे संस्थेत नव्हती. विष्ठेतून तोंडावाटे पसरणाऱ्या यकृतदाहाला, म्हणजे आपण ज्याला साधेपणाने कावीळ म्हणतो त्या रोगाला, याहून सोयीची जागा मिळणे कठीण. संस्था सुरू होऊन दोन-तीन वर्षे होतात न होतात तोच रोगाने तेथे कायमचा मुक्काम केला.

न्यूयॉर्क विद्यापीठाचे बालरोगतज्ज्ञ सॉल क्रुगमन या संस्थेचे सल्लागार झाले ते अशा वेळी. १९५६ साली त्यांनी जोन जाइल्स, रॉबर्ट वॉर्ड या सहकाऱ्यांसह एक संशोधन सुरू केले. ते पुढे सुमारे पंधरा वर्षे चालले. त्या काळी काविळीचा विषाणू कुणी पाहिलेला नव्हता. तो प्रयोगशाळेत वाढवता येत नव्हता की उंदीर-सशांत रुजवता येत नव्हता. रोग समजून घ्यायचा तर माणूसच हवा, अशी अडचण होती. क्रुगमन यांनी ती अशी सोडवली की, संस्थेत नव्याने दाखल होणाऱ्या, साधारणपणे तीन ते दहा वर्षे वयाच्या मुलांपैकी काहींना वेगळ्या विभागात ठेवायचे आणि त्यांना तो रोग मुद्दाम द्यायचा. आजारी मुलांच्या विष्ठेपासून तयार केलेला अर्क चॉकलेट घातलेल्या दुधातून पाजण्यात आला. काहींना आधी गॅमा ग्लोब्युलिनचे संरक्षक इंजेक्शन दिले गेले, काहींना तुलनेसाठी दिले गेले नाही. मग कुणाला कावीळ होते, किती दिवसांनी होते, रक्तात काय बदल दिसतात, याची काटेकोर नोंद ठेवण्यात आली.

या नोंदींतून जे हाती आले ते क्षुल्लक नव्हते आणि ते क्षुल्लक ठरवून आपली बाजू भक्कम करण्याचा मोह आम्हांस नाही. डोळे पिवळे होण्यापूर्वीच रुग्णाच्या विष्ठेतून विषाणू बाहेर पडत असतो, हे येथे दिसून आले. सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने ही मोठी गोष्ट; कारण रोगी ओळखू येतो तोवर त्याने रोग वाटून झालेला असतो. काही मुलांना दोनदा कावीळ झाली, त्यावरून हा एक रोग नसून दोन असावेत असा संशय बळावला. १९६७ साली क्रुगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांना 'एमएस-१' आणि 'एमएस-२' अशी नावे देऊन दोहोंतील फरक सिद्ध केला. पहिला सुमारे महिन्याभरात प्रकटणारा आणि झपाट्याने पसरणारा; दुसरा दीड ते साडेतीन महिने दबा धरून बसणारा. आज आपण त्यांना हिपॅटायटिस ए आणि बी म्हणतो. १९७१ साली त्यांनी दाखवले की, दुसऱ्या प्रकारच्या विषाणूने दूषित झालेले सीरम पातळ करून सुमारे ९८ अंश सेल्सियसला एक मिनिट उकळले तर त्याची रोग देण्याची शक्ती जाते, पण काही प्रमाणात संरक्षण देण्याची शक्ती उरते. बारूक ब्लुमबर्ग यांच्या शोधाबरोबरच या निरीक्षणाचाही हिपॅटायटिस बी लशीच्या वाटेवर वाटा होता. ती लस अमेरिकेत १९८१ साली मान्य झाली. १९९७ मध्ये हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने भारतीय बनावटीची लस बाजारात आणली, तेव्हा तिची किंमत आपल्या मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. आपल्यातील अनेकांच्या मुलांनी ती घेतलेली आहे. या हकिगतीकडे आपण तटस्थ प्रेक्षक म्हणून पाहू शकत नाही, ते यामुळे.

आता क्रुगमन यांची बाजू. ती त्यांनी वेळोवेळी मांडली आणि १९८६ साली एका स्वतंत्र लेखात पुन्हा मांडली. संस्थेत येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक मुलाला काही महिन्यांत हा संसर्ग होणारच होता. लहान वयात हा रोग सौम्य असतो. प्रयोगाच्या विभागात स्वच्छता होती, शिकलेल्या परिचारिका होत्या, आमांश आणि श्वसनाचे जे इतर रोग बाहेरच्या वॉर्डांत थैमान घालत होते त्यांपासून मुलांचा बचाव होत होता. आईवडिलांची लेखी संमती घेतलेली होती. अनाथ, पालक नसलेली मुले वगळली होती. विद्यापीठाची आणि शासनाची रीतसर परवानगी होती, लष्कराच्या साथरोगविषयक मंडळाचे पाठबळ होते. क्रुगमन हे क्रूर गृहस्थ नव्हते. बालरोगतज्ज्ञ म्हणून त्यांचा लौकिक होता आणि १९८३ साली त्यांना सार्वजनिक सेवेसाठीचा लास्कर पुरस्कार मिळाला. खलनायक सापडला की वाचक निश्चिंत होतो. येथे ती सोय नाही.

तरीही ही बाजू टिकत नाही, असे आमचे मत आहे. कारणे सांगतो.

पहिले कारण त्या संकेतार्थाचे. 'एरवी' या शब्दाच्या पोटात काय दडले आहे ते पाहा. एरवी म्हणजे संस्था आहे तशीच राहिली तर. माणसे वाढवली नाहीत, मुले धुतली-पुसली गेली नाहीत, गर्दी कमी केली नाही तर. काविळीची अटळता हा निसर्गाचा नियम नव्हता, तो न्यूयॉर्क राज्याच्या अंदाजपत्रकाचा परिणाम होता. शिवाय गॅमा ग्लोब्युलिन या रोगापासून काही काळ संरक्षण देते, हे १९४० च्या दशकाच्या मध्यापासून माहीत होते. खुद्द विलोब्रुकमध्येच ते देऊन काविळीचे प्रमाण घटवण्यात क्रुगमन यांना यश आले होते. जे घटवता येते ते अटळ कसे? शोधनिबंधात मात्र हा रोग संस्थेत 'स्थायिक' आहे, अशी नोंद होते आणि माणसाने निर्माण केलेली परिस्थिती हवामानासारखी वाटू लागते. मराठीत 'प्रयोग' हा शब्द व्याकरणातही आहे आणि प्रयोगशाळेतही. या निबंधांचा व्याकरणातला प्रयोग बहुधा कर्मणी असतो: विषाणू देण्यात आला, नमुने घेण्यात आले, कावीळ आढळून आली. कर्ता वाक्यातून निघून गेला की जाब कुणाला विचारायचा, हा प्रश्नही निघून जातो.

दुसरे कारण संमतीचे. सुरुवातीच्या काळात पालकांना गेलेल्या पत्रात हा उपक्रम रोगप्रतिबंधाचा एक नवा मार्ग म्हणून सांगितला होता. विषाणू दिल्यावर रोग होणार नाही किंवा झाला तर सौम्य होईल, आणि आपल्या मुलाला याचा लाभ मिळावा अशी आपली इच्छा असू शकेल, अशा आशयाचे ते पत्र होते. त्यात खोटे असे एकही विधान कदाचित दाखवता येणार नाही. पण 'लाभ' हा शब्द जेथे बसवला आहे तेथे तो बसवल्यावर वाचणारा आपले मूल उपचारासाठी देतो, प्रयोगासाठी नाही. पुढे ही पद्धत सुधारली. पालकांना गटागटाने बोलावून माहिती दिली जाऊ लागली, प्रश्न विचारू दिले जाऊ लागले. ही सुधारणा खरी होती. तथापि १९६४ च्या अखेरीस गर्दीमुळे संस्थेतील सर्वसाधारण प्रवेश बंद झाले, तेव्हा प्रयोगाच्या विभागात मात्र जागा होत्या. घरात जड अपंगत्व असलेले मूल, मदतीला कुणी नाही, सरकारी दार बंद आणि एक खिडकी उघडी. त्या खिडकीशी केलेल्या सहीला 'संमती' म्हणायचे असेल, तर सावकाराच्या कागदावरच्या अंगठ्यालाही संमतीच म्हणावे लागेल. ग्रामीण कथा वाचत वाढलेल्या मराठी वाचकाला हा अंगठा अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

तिसरे कारण आम्हांस सर्वांत महत्त्वाचे वाटते. प्रयोगाचा विभाग बाहेरच्या वॉर्डांहून चांगला होता, हा मुद्दा बचाव म्हणून मांडला जातो. आमच्या मते तोच सर्वांत मोठा पुरावा आहे. त्याच आवारात, त्याच प्रकारच्या मुलांना स्वच्छ, सुरक्षित आणि माणसासारखे ठेवता येत होते. पैसा आणि माणसे मिळाली की विलोब्रुक सुधारू शकत होते. फक्त ती मिळण्यासाठी मुलाला आधी संशोधनाच्या उपयोगी पडावे लागत होते. काळजी हा रुग्णाचा हक्क न राहता त्याने दिलेल्या सेवेचा मोबदला झाला. दुर्बळ रुग्णाच्या बाबतीत घडणारा सूक्ष्म अन्याय तो हाच, आणि चॉकलेटच्या दुधाची हकीकत इतकी भडक आहे की तिच्याकडे पाहताना हा दुसरा अन्याय नजरेतून सुटतो.

या प्रयोगांवर टीका झाली ती बरीच उशिरा. १९६६ साली हेन्री बीचर या हार्वर्डच्या भूलतज्ज्ञाने नैतिकदृष्ट्या आक्षेपार्ह अशा २२ संशोधनांची उदाहरणे एका लेखात दिली. नावे न घेता दिलेल्या त्या यादीत सोळावे उदाहरण विलोब्रुकचे होते. १९७१ मध्ये स्टीफन गोल्डबी या डॉक्टरने 'लॅन्सेट'ला पत्र लिहून विचारले की, मुलांचे हित नसलेला प्रयोग त्यांच्यावर करणे समर्थनीय कसे. ती परिस्थिती सुधारणे हे बालरोगतज्ज्ञाचे कर्तव्य, तिचा फायदा घेणे नव्हे. संपादकांनी त्यांचे म्हणणे मान्य केले. पण जनमत हलले ते जानेवारी १९७२ मध्ये, जेराल्डो रिव्हेरा या तरुण पत्रकाराने कॅमेरा घेऊन आत शिरून वॉर्डांची दृश्ये दूरचित्रवाणीवर दाखवली तेव्हा. त्या चित्रफितीत प्रयोगाचा विभाग केंद्रस्थानी नव्हता. नागडी, घाणीत बसलेली, सांभाळायला कुणी नसलेली मुले होती. पालक न्यायालयात गेले. १९७५ च्या न्यायालयीन तडजोडीने रहिवाशांना लहान निवासांत हलवण्याचे बंधन शासनावर आले आणि १९८७ मध्ये संस्था बंद झाली. आज त्या आवारात एक महाविद्यालय आहे.

या कथेचे एक उपकथानक फारसे सांगितले जात नाही. विलोब्रुकमधून बाहेर पडून न्यूयॉर्कच्या सार्वजनिक शाळांत जाऊ लागलेल्या मुलांपैकी सुमारे ५० मुले हिपॅटायटिस बीची वाहक आहेत, असे १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात आढळले. शिक्षण मंडळाने त्यांना इतरांपासून वेगळे काढण्याचा घाट घातला. प्रकरण पुन्हा न्यायालयात गेले आणि १९७९ मध्ये संघीय अपील न्यायालयाने हा वेगळेपणा बेकायदा ठरवला. संसर्गाचा धोका शाळेत सिद्ध झालेला नाही आणि तो अपंगत्व असलेल्या याच मुलांबाबत उकरून काढणे हा भेदभाव आहे, असा त्याचा रोख होता. ज्या संस्थेत ठेवले तिनेच रोगाच्या तोंडी दिले आणि तोच रोग पुढे शाळेचे दार लावून घेण्याचे कारण झाला. 'एरवीही झालीच असती' या वाक्याचा उत्तरार्ध असा त्या मुलांना भोगावा लागला.

येथे आणखी एका यकृतदाहाची आठवण करून देणे आवश्यक वाटते, कारण तिचा धागा आपल्या पुण्यापर्यंत येतो. १९५५-५६ च्या हिवाळ्यात, म्हणजे विलोब्रुकचा प्रयोग सुरू होत होता जवळजवळ त्याच वेळी, दिल्लीच्या पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळून काविळीची प्रचंड साथ आली. सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. त्या साथीतील जपून ठेवलेले रक्तनमुने अनेक वर्षांनी तपासले गेले. खोर्शेद पावरी आणि पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतील त्यांचे सहकारी यांचा सहभाग असलेल्या १९८० च्या अभ्यासात ही साथ ए किंवा बी विषाणूची नव्हती, असे दिसून आले. तो तिसरा विषाणू शोधण्याच्या कामी मॉस्कोच्या मिखाइल बालायान या शास्त्रज्ञाने रुग्णांच्या विष्ठेचा अर्क स्वतःच प्राशन केला, स्वतः आजारी पडला आणि १९८३ साली आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. आज तो हिपॅटायटिस ई म्हणून ओळखला जातो. स्वतःवर केलेला प्रयोग हे सर्व प्रश्नांचे उत्तर आहे, असे आम्ही म्हणत नाही. तेही एक धाडसच, आणि धाडसाच्या आधारे विज्ञान चालू शकत नाही. पण अर्क तोच असूनही दोन कृतींत जे अंतर आहे ते 'मी' या सर्वनामाचे आहे. बालायान 'मी पितो' असे म्हणू शकत होते. विलोब्रुकच्या ज्या मुलांना धड बोलताही येत नव्हते, त्यांच्या वतीने हे वाक्य दुसऱ्यांनीच उच्चारले.

परक्या देशाची हकीकत म्हणून हे मिटवून टाकावे, तर आपल्याकडचे १९९४ साल आडवे येते. शिरूरच्या शासकीय वसतिगृहातील काही मतिमंद मुलींची गर्भाशये पुण्यातील शासकीय रुग्णालयात काढण्यात आली. मासिक पाळीची स्वच्छता त्या राखू शकत नाहीत, असे कारण पुढे आले. स्त्री-संघटनांनी आणि अपंगांच्या हक्कांसाठी झटणाऱ्यांनी आवाज उठवल्यावर पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या. तेथे संशोधन नव्हते, यकृताचा संबंधही नव्हता. पण युक्तिवादाची घडण ओळखीची आहे. माणसे कमी, म्हणून स्वच्छता नाही. स्वच्छता नाही, म्हणून मुलींच्या शरीरात बदल. आणि हे सर्व त्यांच्याच हिताचे. व्यवस्थेतील उणीव भरून काढण्यासाठी प्रत्येक वेळी रुग्णाच्या शरीराला हात लावला जातो, अंदाजपत्रकाला लावला जात नाही.

अशा संशोधनातून मिळालेले ज्ञान टाकून द्यावे काय? आम्हांस तसे वाटत नाही. लस टोचून घेणाऱ्या अर्भकावर तिच्या इतिहासाचे पाप नाही. परंतु फळ चांगले निघाले म्हणून कृती शुद्ध होते, हा हिशेबही मान्य करता येत नाही. ज्यांनी किंमत मोजली ती मुले आणि ज्यांना लाभ झाला ती मुले वेगवेगळी होती. वजाबाकी करायला दोन्ही आकडे एकाच खात्यातले असावे लागतात.

मग आपण, भाषा शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांनी, काय करावे? एक अगदी व्यावहारिक सूचना करून थांबतो. आज भारतात माणसांवरील वैद्यकीय संशोधनासाठी नैतिकता समितीची मान्यता लागते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत दुर्बळ गटांसाठी स्वतंत्र प्रकरण आहे. समितीत डॉक्टरांखेरीज कायद्याचा जाणकार, सामाजिक शास्त्रांचा अभ्यासक आणि एक सामान्य नागरिक असावा लागतो. संमतिपत्र रुग्णाला समजेल अशा भाषेत द्यावे लागते. आपल्या गावातील वैद्यकीय महाविद्यालयाचे मराठी संमतिपत्र आपल्यापैकी कितीजणांनी वाचले आहे? ते बहुधा इंग्रजी मजकुराचे शब्दशः केलेले, दमछाक करणारे भाषांतर असते; सही करणाऱ्याला त्यातून एवढेच कळते की सही करायची आहे. सामान्य नागरिकाच्या त्या खुर्चीवर मराठीच्या शिक्षकाने बसायला कोणाचीही हरकत नाही. तेथे त्याने शरीरशास्त्राविषयी बोलू नये. 'लाभ' हा शब्द येथे का आहे, या वाक्याचा कर्ता कुठे गेला, आणि 'एरवी' म्हणजे नेमके काय गृहीत धरले आहे, एवढे तीन प्रश्न त्याने विचारावेत. विलोब्रुकच्या संमतिपत्राला हे प्रश्न वेळीच विचारणारे कुणी भेटले नाही.